नसरीनची पाटी

गुरुवार, संध्याकाळ. लातूर.

घरच्या मकतबातली, उर्दू-कुराणाच्या शिकवणीतली, शेवटची पोरगी, नसरीन, आज गेली. तिची आई म्हणाली, "आपा, आता लातूरचा जिल्हा झाला. तिला मराठी शाळेत घालायलोत. शाळा सुटली की टँकरची रांग. तिला वेळच न्हाई." निजाम गेला तरी अब्बांनी मकतब चालवलं. माझ्या हातून मोडलं.

पाटीवरची अक्षरं धुतलेलं पाणी पायदळी जाऊ द्यायचं नाही, अंगणातल्या डाळिंबाला घालायचं, ही अब्बांची शिस्त. डाळिंब दुष्काळात वाळलं. नसरीनची पाटी तशीच आहे, तिच्या वाकड्या अलिफसकट, त्या पहिल्या अक्षरासकट. रांजणात दोन तांबे पाणी आहे. कुणी विचारलं तर सांगेन, पाटी धुवायला पाणी नव्हतं.