खिडकीशी लावलेला कॅमेलिया

४ सप्टेंबर
नव्या घरात आज पहिलाच दिवस, आणि सकाळपासून कानात एक जुना आवाज. आमचे मास्तर टेबलावर पट्टी आपटत वर्गाकडून भुजंगप्रयात वृत्तातले श्लोक म्हणवून घेत: टक-टाक-टाक, टक-टाक-टाक. मास्तर गेले, शाळा पडली, पट्टी मात्र अजून थांबलेली नाही.

या वयात लग्न केलं म्हणून मित्र हसले. हसोत बापडे. मी विधुर, ती विधवा. दोघांच्या संसारातली भांडी एकत्र केली तर एक जोडी धड जुळेना. चहाचे दोन कप तेवढे सारखे निघाले. त्यावर भागेल.

घर तिचं. बागेत शरदात फुलणारे कॅमेलिया. एक आमच्या खोलीच्या खिडकीशी, टवटवीत. दुसरा मागच्या भिंतीशी, नुसत्या काड्या. तिने आल्या आल्या मला धडाच दिला. मुळं उथळ असतात, खोल पुरलं की झाड गुदमरतं. माती आंबट हवी. पाणी पावसाचं, साठवलेलं. बुंध्याशी पाइनची सुईसारखी वाळकी पानं पसरायची. आणि चुन्याचा कणही लागता कामा नये. मी शहाण्या मुलासारखं सगळं पाठ केलं.

१९ सप्टेंबर
कळ्या धरल्या. खिडकीशी असलेल्या झाडाची पानं ती रोज ओल्या फडक्याने पुसते आणि पुसता पुसता त्याच्याशी बोलते. मी दिसलो की गप्प. माझ्याशी बोलताना तिचा आवाज इतका मऊ कधी होत नाही. तिच्या पहिल्या नवऱ्याला बागेचं भारी वेड होतं म्हणे. म्हणजे झाड त्याचंच. विचारलं नाही, विचारलं की हरलो.

मेहुणी आली होती. माझा चेहरा बघून म्हणाली, भावोजी, बाईला सवत असते हे ऐकलंय, पण नवऱ्याला झाडाची सवत पहिल्यांदाच बघतेय! सगळे हसले. मीही हसलो, दात दाखवण्यापुरता.

एक ओळ सुचली: फुलांनो, फुलांनो, कुणाच्या स्मृतीने... पुढची काही केल्या येईना.

६ ऑक्टोबर
पहिलं फूल. पांढरं, कडेला गुलाबी, मंद वासाचं. तिने ते वाटीत पाणी घालून उशाशी ठेवलं. माझ्या उशाशी! मेलेल्या माणसाने माझ्या उशाशी येऊन बसायचं, आणि मी वास घेत पडायचं?

ती बाजारात गेल्यावर रंगकामातून उरलेला चुना पाण्यात कालवला, बुंध्याशी ओतला. वर पाइनची पानं पूर्वीसारखी पसरली. हात धुतले. आज जेवण फार गोड लागलं.

२१ ऑक्टोबर
पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. ती रडवेली झाली आहे. मला विचारलं, नळाचं पाणी तर नाही ना घातलंत? नाही म्हणालो. खोटं नव्हतं.

मला मात्र जिना चढवत नाही. आरशात चेहरा पिवळा. हातावरच्या शिरा हिरव्यागार. डॉक्टर म्हणतात, तपासण्या ठीक आहेत, वय झालंय, आजोबा.

मागच्या काड्यांना पालवी फुटली आहे.

२ नोव्हेंबर
कळ्या न उमलताच झडतात. माझे केसही, उशीवर.

मेहुणी समाचाराला आली. सहज बोलून गेली — या घरात येणाऱ्या माणसाच्या नावाचं झाड खिडकीशी लावतात, माणूस गेला की तेच झाड मागच्या भिंतीशी नेतात. तुमचं लग्न ठरलं त्याच दिवशी ताईने तुमचं लावलं, भावोजी. तुमच्याशी बोलायला लाजते, म्हणून झाडाशी बोलते वेडी.

माझं. ते माझं होतं. पहिल्याचं ते मागचं.

५ नोव्हेंबर
माती उकरली. मुळं काळी. नवी माती घालणार होतो, हात चालेना. तिने माझ्या नखांतला चुना पाहिला. फडकं उचललं आणि मागे गेली.

मागचं झाड फुललं आहे. खूप.

७ नोव्हेंबर
उठवत नाही. खिडकीशी खड्डा होता — आता नाही. तिथे मागचं झाड. माझं तिने — मला तिने भिंतीशी —

९ नोव्हेंबर
दुपार. लख्ख ऊन. दार वाजतंय. टक-टाक-टाक.

ती केस सारखे करत धावली. आवाज किती मऊ — अहो, पाय मातीने भरलेत, पुसून आत या —

कोणीतरी हसलं. पुरुषमाणूस. माझी ओळ म्हणतोय — कुणाच्या स्मृतीने — आणि पुढचीही, न अडखळता —

कपांचा आवाज. तिने दोनच कप खाली घेतले. मी हाक मारतोय, पण तोंडात माती —