भिवाजींचे बोंबील आणि माझे चोवीस उंदीर

कोपरी, ठाणे पूर्व
१४ सप्टेंबर १९९१

तीर्थस्वरूप राघोमामांस,
मालनचा शिरसाष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो ना? मामींचा खोकला कसा आहे? इकडे मी ठणठणीत आहे, प्रबंध मात्र आडवा झाला आहे.

माझं काम तुम्हाला ठाऊक आहेच (नसेल तर बाबांच्या भाषेत, ‘उंदरांना आंघोळ घालणं’). मेंदूत पेशीला पेशी भेटते त्या सांध्यावर रिसेप्टर, म्हणजे निरोप झेलणारे रेणू, असतात. ते चालू असले की सांधा पक्का होतो आणि जागा लक्षात राहते. चोवीसपैकी बारा उंदरांत मी औषधाने ते बंद करते आणि सगळ्यांना हौदात सोडते. पाण्यात दुधाची पावडर कालवलेली, त्याखाली बुडालेलं एक स्टूल. भिंतीवरचं कॅलेंडर, दार, खिडकी बघत शहाणा उंदीर स्टूल गाठतो. औषधवाल्याने भरकटायला हवं. पण माझे औषधवाले बारा उंदीर सरळ स्टुलावर जाऊन मिशा पुसत बसत! जगाच्या उलट निष्कर्ष निघाला म्हणून माझ्या मार्गदर्शक सरांनी पेढेसुद्धा वाटले. मला काही तो पेढा गोड लागेना. मी स्टूल हलवून पाहिलं, तर बाराही जण जुन्याच जागी, काठाशी, नाक वर करून. मीही काठाला नाक लावलं. सुके बोंबील!

आमचे प्रयोगशाळेतले भिवाजी इथल्याच कोळीवाड्यातले. रोज सकाळी ते स्टुलाजवळच्या काठावर बोंबील चोळून ठेवत. विचारलं तर म्हणाले, “पोरी, मुका जीव पान्यान बुरताना मना बघवत नाय.” (उंदीर माझ्यापेक्षा बरा पोहतो, हे त्यांना पटत नाही.) मला रागही आला आणि भरूनही आलं. सरांना मी खरं ते सांगितलं.  मग हौद सोड्याने घासला, नवे उंदीर मागवले. सगळं पहिल्यापासून करणार. भिवाजींना आता टॉवेल दिला आहे, बाहेर काढलेला उंदीर त्यांनी पुसायचा.

तुमची भाची,
मालन

ता. क. सहा महिने लागतील. बाबांनी लग्न मार्गशीर्षात धरलं आहे. ते तुमचंच ऐकतात. लग्न पुढे ढकलायला सांगाल का? पत्र खरं त्यासाठीच.

ता. ता. क. नवऱ्यामुलाला मी कालच भेटून सांगितलं. तो लगेच म्हणाला, सहा महिने कशाला, चांगलं वर्षभर घ्या. मामा, बाबांशी बोलण्याआधी जरा त्याची चौकशी कराल का?