इस्त्रीची मराठी

माय, मी पोपट पाळलाय हे ऐकून तू आधी हसली असतीस. 'बोलनारं एक कमी व्हतं व्हय घरात?' म्हणाली असतीस.

पाळलाय म्हणजे दुसऱ्याचा आणलाय. नांदेडची एक म्हातारी वारली, तिचा हा राखी रंगाचा, लाल शेपटीचा पोपट. ती गेल्यापासून यानं छातीची पिसं उपटून काढली, खाणं जवळजवळ टाकलं. तिचा मुलगा पिंजरा घेऊन लातूरला माझ्या दारात आला. म्हणाला, "ताई, तुम्ही बोलण्यातल्या माणूस. तुमच्याकडं तरी तोंड उघडंल." मला ते आवडलं. ठेवून घेतला. तोंड उघडलं, ते माझं बोट फोडायला. हुशार इतका, की चोचीनं पिंजऱ्याची कडी काढून आधी माझ्या चष्म्याची काडी तोडली. फोनची घंटा हुबेहूब वाजवायचा. मी ओल्या हातानं धावत आले की मान वाकडी करून बघायचा. खायचा मात्र जगण्यापुरतं. मी समोर उभी राहून त्याला समजवायची, आर्जवं करायची, शेवटी आवाज चढवायची. सभेतून माणसाला उठू न देणारी मी, आणि हा पाठ फिरवून बसायचा. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "बाई, असाच राहिला तर जाईल. नुसतं जवळ बसा. भाषण नको."

मग बसले. दौरे कमी केले. सकाळी पिंजऱ्याशी जमिनीवर, शेंगा फोडत, गप्प. पावसाळा सरला, थंडी आली. एकदा चाकूरची सभा करून आले, भिंतीला टेकले आणि तोंडातून निघालं, "लई दमले गं माय."

बाजूनं म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. "बस की. पानी पी."

मी वळले. तो माझ्याकडं तोंड करून बसला होता. पुन्हा म्हणाले, "लई दमले." पुन्हा तेच, "पानी पी." मग सरकत सरकत गजापाशी आला आणि माझ्या बोटांतला शेंगदाणा हळूच काढून घेतला. रक्त नाही काढलं. आधी मी त्याच्याशी ज्या मराठीत बोलत होते, तसं त्याच्या घरात कुणी बोलतच नव्हतं.

तेव्हा तुझं बोलणं आठवलं. नांदेडची ती वक्तृत्व स्पर्धा. तू लोह्याहून एसटीनं आलेली, शेवटच्या बाकावर. ढाल घेऊन आपण घरी येतो. चुलीपुढं भाकरी थापत तू म्हणतेस, "बोललीस लई चांगलं. पन कुनासंग बोलून राहिली व्हतीस?"

मी चिडते. "राहिली व्हतीस नाही, आई. बोलत होतीस."

तू भाकरी उलटतेस. "तुझी मराठी लई इस्त्रीची झाली बाई. बसायची सोय न्हाई."

पुढं मी कितीतरी मंचांवरून आपल्या बोलीच्या मानासाठी भांडले. पटलं म्हणून भांडले, आजही भांडेन. पण ते सगळं इस्त्रीच्या मराठीत. हे पत्रही बघ ना. माझी भाषणं कुणाकुणाच्या फोनमध्ये आहेत; तुझं एक वाक्य कुठं नाही.

आता त्याच्या छातीवर कोवळी पिसं येतायत. तो 'पानी पी' म्हणाला की मी उठून खरंच पाणी पिते. आवाज तुझा नाही, हे कळतं. पण तुझा कसा होता, ते मला आठवत न्हाई, माय.