तिसऱ्या तारेचा डाग

नाना, तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली आणि परवा मी ओट्यावर जुना टॉवेल अंथरून पुन्हा एक मोटर तपासायला घेतली. लिंबाएवढी. तुमच्या दुकानात विहिरीवरच्या मोटारी दुरुस्तीला यायच्या, दोघांनी मिळून उचलायच्या. ही रिमोटवर चालणाऱ्या गाडीतली. निवृत्तीनंतर ह्यांना हा नाद लागला होता. रविवारी सकाळी मित्रांबरोबर मैदानात गाडी पळवायची आणि धुळीने माखून घरी यायचं. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली. इतके दिवस कपाटात असलेली गाडी मी बाहेर काढली, बॅटरी चार्ज केली, तर ती जागच्या जागी थरथरली, घूं घूं केलं आणि पुढे सरकेना.

जळगावच्या दुकानात नेली. "मावशी, मोटर गेली. नवी टाकू," दुकानदार म्हणाला. मी गाडी पिशवीत घालून परत आणली. नव्या मोटरने गाडी पळाली असती, पण ह्यांनी स्वतः बसवलेली मोटर तिच्यात राहिली नसती. शाळा सातवीला सुटली तरी वाचायची सवय तुमच्या दुकानातल्या माहितीपत्रकांनी लावली होती. ती कामी आली. आठवडाभर फोनवर वाचत बसले. ही ब्रशलेस मोटर, हिला कार्बनचे ब्रश नसतात. तीन तारांतून आळीपाळीने वीज मिळाली तरच फिरते. वाचता वाचता हसूच आलं. तीन फेजपैकी एक गेला की विहिरीवरची मोटार करते, तेच की हे!

मग भडगावचं तुमचं दुकान आठवलं. वार्निशचा वास. मी चौदा वर्षांची. एका केळीवाल्या भाऊंची मोटार आली आहे, तुम्ही जेवायला गेला आहात. ती घूं घूं करते एवढंच ऐकून मी आतली सगळी वाइंडिंग, तांब्याच्या तारेची गुंडाळी, कापून काढते. तुम्ही येता, बाहेरच्या डबीतली एक तार बोटाने हलवता. ढिली. दोष तेवढाच. "दुखनं पायमा, आनि तू पोट फाडी टाकं!" तुम्ही ओरडता. तेवढ्यात भाऊ दारात. "केळी वाळी ऱ्हायनी, नाना! चांगली वाइंडिंग कोनी कापी?" मी तारांच्या रिळांमागे लपले आहे. तुम्ही शांतपणे चूक स्वतःवर घेता, म्हणता, "चूक मनी शे, भाऊ. पोरनी नही."

लग्नात तुम्ही माझ्या पेटीत तारा तपासायचं काट्याचं मीटर ठेवलंत. "सासऱ्याने भांडी सोडून मीटर दिलं, म्हणजे बायको रोज करंट मारणार," असं ह्यांचे मित्र म्हणाले होते. मीटर देताना तुम्ही सांगितलं होतं, आधी हाताने फिरव, मग वास घे, मग तारा बघ. उघडायचं सगळ्यात शेवटी.

तसंच केलं. तिन्ही तारा सोडवल्या. हाताने फिरवली, कुठे खरखर नाही. जळका वास नाही. मग दोन-दोन तारांची टोकं एकमेकांना लावून फिरवून पाहिली. पहिल्या दोन तारा जोडल्यावर मोटर जड झाली, कुणी आतून धरल्यासारखी. तिसरी तार जोडीला घेतली की मात्र हलकी. मीटरचा काटाही तिथेच हलेना. तिसऱ्या तारेच्या पिनेवरची काळी नळी कापली. आत तार पिनेला जोडणारा सोल्डरचा डाग नुसता वर बसला होता, तार त्याने धरलीच नव्हती. डाग ह्यांनीच दिलेला. ह्यांचा हात घाईचा होता, नाना, तुम्हाला माहीत आहे.

तो वितळवताना माझा हात थांबला. ह्यांचं एवढंसं काम, आणि मी ते पुसत होते. पण मोटर वाचवायची तर दुसरा रस्ता नव्हता. नवा डाग दिला, जोडणी केली, आणि रविवारी मैदानात गाडी अशी सुटली की ह्यांचे मित्र बाजूला उड्या मारून पळाले.

"वहिनी, काय बिघडलं होतं हो?" त्यांच्यातल्या एकाने विचारलं.

"काही नाही, भाऊ. धूळ पुसताना माझ्याच हातून तार ओढली गेली होती."

हे बोलले आणि रिळांमागे बसून ऐकलेलं तुमचं वाक्य कानात आलं. ते मी ऐकलं होतं, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. आभारही मानले नाहीत. आज मानते. हा कागद मीटरच्या खोक्यात राहील.

आणि एक. उरलेल्या दोन तारांचे डागही ह्यांचेच आहेत, म्हणजे तेही कच्चेच असतील. तुम्ही असता तर ते आधी पक्के करायला लावले असते. मी त्यांना हात लावलेला नाही.