चौथं शिफारसपत्र

६ जानेवारी, सोमवार
आजपासून साखर बंद. कायमची. डॉक्टर सांगतात म्हणून नाही, त्यांचं मी कधी ऐकलंय? आमच्या केंड्राला नर्स व्हायचंय म्हणून. नर्सच्या घरातच आजी शुगर वाढवून बसली तर कॉलेजवाले काय म्हणतील!

नात चौतीस वर्षांची. बारा वर्षं विमा कंपनीत बसून लोकांना फोनवर सांगायची, तुमचं ऑपरेशन यात बसत नाही. एक दिवस एक म्हातारा फोनवरच रडला. हिने नोकरी सोडली आणि सामान घेऊन माझ्याकडे आली. आता चार्ल्सटनला तो झटपट कोर्स करायचाय. आधीची कुठलीही पदवी असली की सोळा महिन्यांत नर्स. मला शाळेने आठवीतच निरोप दिला, मला सोळा महिने काही झटपट वाटत नाहीत. पण जागा चाळीस, अर्ज अडीचशे. गेल्या वर्षी नाही म्हणाले. यंदाही नाही म्हणाले तर तिचे पास झालेले विषय जुने धरतात, हाडं, जंतू, सगळं परत पहिल्यापासून. तेवढे पैसे तिच्याकडे उरलेले नाहीत. म्हणजे परत तो फोन.
काळजी नाही. मी आहे ना.

७ जानेवारी
साखर बंद. शेजारच्या विल्माने थरांचा केक आणला, वाळवलेल्या सफरचंदांचा. सफरचंद हे फळ. फळ खा, असं केंड्राच सांगते. उरलेला केक कपड्यांच्या ड्रायरमध्ये ठेवला. मी कपडे दोरीवर वाळत घालते, केंड्रा तिचे बाहेर धुऊन आणते. तिथे कोण बघतंय?

१९ जानेवारी, सकाळ
केंड्रा माझ्यावर हात बसवते. रोज दंडाला पट्टा, बोटाला सुई. आज शुगर दोनशे चाळीस. म्हणाली, आजी, काल काय खाल्लंस? म्हटलं, बीन्स आणि मक्याचा पाव. बरं, म्हणाली, आणि लिहून घेतलं. भोळी आहे पोर. तपासायचं यंत्रच बिघडलंय, तेही तिला कळेना. मी बोलले नाही. उगाच तिचा धीर सुटायचा.

८ फेब्रुवारी
अर्जाला तीन शिफारसपत्रं लागतात. एक शिकवणाऱ्या बाईंचं, एक जुन्या साहेबाचं, एक वृद्धाश्रमाचं. तिथे ही शनिवारी जाऊन म्हाताऱ्यांना जेवू घालते. आणि घरच्या म्हातारीचं पत्र? म्हणाली, आजी, नातेवाइकांचं धरत नाहीत ते. हा काय नियम झाला? नातेवाईकच तर ओळखतात.

१० फेब्रुवारी
चौथं पत्र लिहिलं. पाच ओळी, तीन तास. लिहिलं की मी केंड्राची पेशंट आहे आणि तिच्या देखरेखीखाली मी वर्षभर साखरेला हात लावलेला नाही. वर्ष म्हणजे जानेवारीपासून. आणि हात खरंच नाही लावला, काट्याने खाते. सोबत सफरचंदाच्या मुरांब्याची बरणी. पोस्टात टाकून आले. केंड्राला सांगितलं नाही. गंमत!
विल्माचा हात मात्र बिघडत चाललाय. आजचा केक अगदी फिका.

११ मार्च
शुगर एकशे पन्नास. निश्चय म्हणतात तो हा! केंड्रा गालातल्या गालात हसली.
आणि मुलाखतीचं बोलावणं आलं! गेल्या वर्षी तेही नव्हतं. विल्माला सांगितलं, हे सगळं माझ्या मुरांब्यामुळे. ती म्हणाली, ओपल, तुझा मुरांबा खाऊन बोलावलं असेल तर चौकशीलाच बोलावलं असेल. जळते मेली. केकही फिकाच देते.

२७ मार्च
केंड्रा मुलाखतीहून आली आणि गाडीतच बसून राहिली. मी काचेवर टकटक केलं. म्हणाली, आजी, तू पत्र पाठवलं होतंस?
त्यांच्या टेबलावर दोन कागद होते. एक माझं पत्र. धरत नाहीत, पण वाचतात. दुसरा केंड्राचा निबंध, अवघड पेशंटकडून मी काय शिकले. त्यात लिहिलेलं, माझ्या घरी एक पेशंट आहे, ती केक ड्रायरमध्ये लपवते. मुख्य बाईंनी विचारलं, यातलं खरं कोणतं?
तू काय सांगितलंस, हे विचारायचा मला धीर झाला नाही. ती आत गेली, दार लावून घेतलं.
माझ्या हाताने मी पोरीला परत त्या फोनवर नेऊन बसवलं. पाच ओळी लिहून! शाळेने मला आठवीत सोडलं ते विचार करूनच.
केक खाल्ला नाही.
खाल्ला. चव लागली नाही. तशी ती हल्ली नसतेच.

१४ एप्रिल
मिळाली! जागा मिळाली! मी अंगणात नाचले, गुडघा धरला, तरी नाचले. विल्मा कुंपणावरून ओरडली, अगं, बस खाली, कोर्स अजून सुरू झालेला नाही!
मग विचारलं, त्या बाईंना काय सांगितलंस? केंड्रा म्हणाली, सांगितलं की दोन्ही खरं आहे. आजी खोटं बोलत नाही, तिला ते मनापासून खरं वाटतं. मग त्यांनी विचारलं, अशा पेशंटचं तुम्ही काय करता? मी म्हटलं, भांडत नाही. केक करणारीशी बोलते.
मी विल्माकडे बघितलं. विल्मा कुंपणाकडे बघत होती.

रात्री
उद्यापासून साखर बंद, असा पक्का निश्चय करून वही उघडली होती. पण केंड्रा म्हणते, ती फेब्रुवारीपासूनच बंद आहे.