मुखवट्यातली चिंधी

११ एप्रिल ९९, जव्हार
बाचा दवाखान्यात आज चौथा दिवस. उजवं अंग गेलंय, वाचाही. डॉ. म्हणतात, बोलेल किंवा नाही, वाट बघा. सुमन डबा देऊन गेली. बायको असून काही विचारत नाही, तेच टोचतं.

१२ एप्रिल
लिहून टाकतो, नाहीतर इथेही खोटंच राहील.
मोखाड्याकडच्या आमच्या गावात बोहाडा होतो, मुखवटे बांधून देवांची सोंगं नाचवतात, त्यात नरसिंहाचं सोंग आमच्या घराकडे. आजा नाचला, मग बा तीस वर्षं. यंदा होळीलाच म्हणाला, "औंदा तू घे. माझी मान ऱ्हात नाय आता."
मी म्हणालो, पेपर तपासायचेत, रजा नाही. तेव्हा परीक्षा झालीही नव्हती. खरं कारण, माझ्या शाळेचे मुख्याध्यापक आणि दोघे शिक्षक जीप करून बघायला येणार होते. लाकडी तोंड बांधून संबळावर नाचताना त्यांनी मला बघू नये. बस, एवढंच.
अडुसष्टाव्या वर्षी बाने परत मुखवटा बांधला. दुसऱ्या दिवशी आई पाणी घेऊन आली तर हा ओटीवर पडलेला. शेजारी मुखवटा, नाकाचा टवका उडालेला.
आणि ते तिघे आलेच नव्हते.

१५ एप्रिल
आईला सांगितलं की रजा मिळाली असती. वाटलं, बोलेल चार शब्द. ती बाचा सदरा पिळत होती. "देवाला घरातला मानूस पायजे व्हता. तू नाय आलास, म्हून तुझा बा नाचाया गेला." सदरा दोरीवर टाकत म्हणाली, देवाचं तोंड फुटकं ठेवू नको, नीट करून आण.
आई रागावली असती तर बरं झालं असतं.

१९ एप्रिल
मुखवटा गोणपाटात गुंडाळून एसटीने जव्हारला आणला, मांडीवर धरून. कंडक्टरने विचारलं काय आहे. भांडं म्हणालो! अजून जात नाही माझी लाज.
कासमचाचा दुकानांच्या पाट्या रंगवतात, मुखवटेही तेच रंगवतात, त्यांच्या वडिलांपासून. नाक बसवलं, रंग दिला. मी संध्याकाळी येतो म्हणून निघालो तर म्हणाले, "तुमचे वालिद रंग सुकेपर्यंत इथेच बसायचे, मास्तर. दर साल. त्याला एकटा ठेवत नव्हते."
बसलो. दुपारची अजान झाली, चाचा नमाजाला गेले. दुकानात मी आणि नरसिंह. हात जोडायला आधी रस्त्याकडे बघितलं, कोणी ओळखीचं नाही ना. मग जोडले. म्हणालो, बाला बोलू दे. मला शिवी देऊ दे.
काही झालं नाही. रंग ओलाच. चाचा आले तरी मी तिथेच बसून.

२३ एप्रिल
मागणं रोज चालू. मधेच मनात येतं, बाला बरं करायला मागतोय की मला सुटायला? आज बाने डाव्या हाताने पेला धरला. लगेच त्याला देवाची खूण समजलो. स्वतःचाच राग आला, पण दिवसभर बरं वाटलं हेही खरं.

२ मे, पाडा
शाळेला सुट्टी. बाला घरी आणलं. झऱ्यावर पाणी नाही, आई आणि मी खालच्या विहिरीवरून आणतो. सकाळी गोणपाटातल्या देवापुढे बसतो. उत्तर येत नाही, पण बसल्याशिवाय दिवस सुरू होत नाही आता. हा विश्वास की सवय, कळत नाही. बा खाटेवरून बघत असतो. काय बघतो?

९ मे
आज गोणपाट सोडून मुखवटा बाच्या मांडीवर ठेवला. नवं नाक त्याने बोटाने चाचपलं. मग मुखवटा उलटा केला. आत कपाळाला लागू नये म्हणून नाचणाऱ्याच्या मापाची चिंधीची गादी असते; ही बाच्या घामाने काळी पडलेली. डाव्या हाताने ती ओढायला लागला. निघेना. मी मदतीला हात घातला तर माझा हात बाजूला सारला. बऱ्याच वेळाने निघाली. ती त्याने उशाखाली ठेवली.
स्वतःची काढून घेतली, की माझ्या डोक्यासाठी जागा केली? बाला विचारलं. ओठ हलले, आवाज नाही.
मी धाडस करून म्हणालो, "बा, माप घे. पुढच्या साली मी नाचतो." खाटेशी खाली बसून डोकं पुढे केलं. डोळे मिटले. खाट करकरली. त्याने हात उचलला असावा. वेळ लागत होता. मी थांबलो.