कमलच्या नकाशातली लाल रेघ

अमरावती, मंगळवार, १२ ऑगस्ट १९५८

अजून रागात आहे. ती लाल रेघ मी पुसली नाही.

आज नववीच्या मुलींना 'सीमा' शिकवली. व्याख्या साधीच दिली: जी ओलांडायला पलीकडच्यांची परवानगी लागते, ती सीमा. मग म्हटलं, आपापल्या गावाचा नकाशा काढा. अंजनगावकडच्या कमलनं शेतं, नाला, शाळा काढली आणि गाव नि त्यांची वस्ती यांच्यामध्ये लाल रेघ ओढली. विचारलं तर म्हणाली, "तिकडच्या इहिरीवर आमाले जाऊ देत नाहीत, बाई. मंग हे सीमाच झाली ना?" मी तिला दहापैकी दहा दिले आणि नकाशा भिंतीवर लावला.

दुपारी मुख्याध्यापिकाबाईंनी तो पाहिला. "उद्या तपासणी आहे. ही रेघ पुसा. भूगोलात जात कशाला आणता?"

"मी नाही आणली, बाई. ती गावातच आहे."

"मग लेखी खुलासा द्या."

नोकरी जाईल का? गेली तर आईला काय सांगू? लहानपणी मीही अशाच रेघेच्या अलीकडे कळशी घेऊन उभी असायचे, कुणीतरी वरून पाणी ओतेल म्हणून. कमलला हे अजून सांगितलेलं नाही. का नाही सांगितलं?

खुलासा लिहून झाला. एकच वाक्य: 'विद्यार्थिनीचे उत्तर बरोबर आहे, चूक गावाची आहे, ती गावाने सुधारावी.' खाली सही केली. पूर्ण नावानं, आडनावासकट.